हा टाळ्यांचा प्रसंग नाही

आमच्या बालाघाटात सभेत कोणाचं नाव घेतलं की टाळी वाजते. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. वाचनालयाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांना टाळी, पाहुण्यांना टाळी, सतरंज्या देणाऱ्या मंडपवाल्याला टाळी, पाण्याचे माठ भरून ठेवणाऱ्या गृहस्थांनाही टाळी. आभार मानणारा एकेक नाव घेत जातो आणि लोक चपला शोधत शोधत टाळ्या वाजवत राहतात. चुकून एखादं नाव राहिलं तर तो माणूस वर्षभर अबोला धरतो. मला या प्रकाराचा लहानपणापासून तिटकारा होता आणि बाबांना माझ्याहून जास्त. आता मात्र कुठे नावामागे टाळी वाजलेली ऐकली की मी उठून बाहेर जाते, ते वेगळ्याच कारणानं.

बाबा कोर्टात नोकरीला होते. तरुणपणी त्यांची नेमणूक बैहरला होती आणि माझा जन्म तिथलाच. आई अडली, तेव्हा उकव्याच्या खाणीच्या दवाखान्यातून जीपमध्ये बसून एक गोरी नर्स आली. तिच्यामुळे आई वाचली आणि मीही. पुढे आम्ही बालाघाटला आलो, ती त्या दवाखान्याची मेट्रन झाली, आणि औषधं न्यायला शहरात आली की आमच्याकडे चहाला थांबू लागली. उंच, हाडापेरानं मजबूत, अंगावर सुती साडी आणि पायांत पुरुषी बूट. खाणीतले लोक तिला नुसतं ‘बाई’ म्हणत, आम्ही मेट्रनबाई म्हणायचो. बोलायची अगदी आमच्यासारखंच, मले-तुले करत, मध्येच हिंदीत शिरत. फक्त ‘र’ घशातून काढायची. त्या ‘र’ची नक्कल करून मी एकदा आईचा धपाटा खाल्ला होता.

ती मूळची युरोपातली ज्यू आहे, एवढं बाबांना माहीत होतं. आम्हाला तेवढंही नव्हतं. गोरा माणूस म्हणजे ख्रिश्चन, असा आमचा सरळ हिशेब. दर नाताळाला आई तिच्यासाठी डबाभर करंज्या पाठवायची आणि ती काही न बोलता ठेवून घ्यायची. इतकी वर्षं तिनं आईला एकदाही सांगितलं नाही की हा माझा सण नाही.

भोपाळला वायुगळती झाली त्या हिवाळ्यात वाचनालयात शोकसभा भरली. बाबा तोवर निवृत्त होऊन वाचनालयाचे अध्यक्ष झाले होते. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. कॉलेजात वादविवादाच्या ढाली जिंकल्या होत्या, त्यामुळे गावात कुठेही चार माणसं जमली की मला बोलायला उभं करत. त्या दिवशीही केलं. मी बोलले, लोकांनी डोळे पुसले, मला स्वतःला फार बरं वाटलं. औषधं न्यायला आलेली मेट्रनबाई मागे भिंतीशी उभी होती. सभा उठल्यावर ती सरळ बाबांपाशी आली.

“नाव काहून नाही घेतले?” तिनं विचारलं.

“कोणाचे, बाई?”

“मेले त्याहिचे.”

“इतके लोक होते. आपल्याले कुठून माहीत असणार त्याहिची नावं?”

“एकाचं तरी घ्यायचं. एकाचं तरी कोणाले माहीत असंनच ना.”

बाबांनी मान हलवली. मला मात्र राग आला. एवढं चांगलं भाषण झालं आणि हिला त्यात खोट दिसली! घरी चहाला बसलो तेव्हा मी मुद्दाम खोचकपणे म्हटलं, “तुम्हीच का नाही बोललात मग?” ती म्हणाली, “मले नाही जमत. माह्या घरच्यांचं पण नाही जमलं आजवर.” आणि मग चहा निवेपर्यंत ती बोलत राहिली. मी तिला जन्मापासून ओळखत होते, आणि तिच्याबद्दल काहीही जाणत नव्हते.

खाणीच्या इंग्रज साहेबाच्या मुलांना सांभाळायचं काम मिळालं म्हणून ती कोवळ्या वयात एकटी बोटीत बसली होती. घरच्या बाकीच्यांना कुठल्याच देशात जाण्याचा परवाना मिळेना. मग लढाई लागली. इंग्रजांनी तिलाच शत्रूच्या देशाची म्हणून काही महिने छावणीत ठेवलं, मग सोडलं; पुढे ती नर्सिंग शिकून खाणीच्याच दवाखान्यात लागली. लढाई संपल्यावर तिला कळलं की नाझींनी तिच्या घरच्यांना आगगाडीत घालून नेलं आणि मारून टाकलं. आजी, आईवडील, काका-काकू, दोन भाऊ, धाकटी बहीण. लाखो ज्यू असेच मारले गेले, हे मी इतिहासात शिकवत होते. एका परिच्छेदात शिकवत होते, आणि तो परिच्छेद परीक्षेत येत नाही म्हणून कधीकधी गाळतही होते. त्या परिच्छेदातली एक बाई आमच्या दिवाणावर बसून चहा पीत होती.

“आमच्यात मेलेल्याची आठवण लोकायच्या संगं करतात,” ती म्हणाली. “दहा लोक जमवून. इथं माह्यावाले दहा लोक कुठून आणू? चाळीस वर्षं एकटीच नाव घेत राह्यली. दवाखान्यात, भिंतीकडं पाहून.”

बाबांनी बशी खाली ठेवली. “आपण जमवू ना लोक,” ते म्हणाले. “दहा काहून, शंभर जमवू. माही पोरगी बोलंन.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मघाचा माझा खोचकपणा तिच्या लक्षात आला नसेल, असं अजिबात नाही. “बोलशील?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिची अट एकच होती. भाषण कसंही कर, कितीही कर, पण शेवटी सगळ्यांची नावं मोठ्यानं, लोकांसमोर घ्यायची. दिवस तिनंच सांगितला. एप्रिलात ज्या दिवशी तिनं घर सोडलं होतं, तो.

नावं शिकायला मी रविवारी बसनं उकव्याला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी पिशवीतून वही काढली, तर तिनं ती मिटून माझ्या मांडीवर ठेवली. “लिहायचं नाही. यादीतच होते ते सारे. यादी पाहून पाहूनच घरातून काढलं त्याहिले.” म्हणून या लिहिण्यातही मी एक नाव देत नाही. कागदावर नको म्हणाली होती, तेवढं तरी तिचं राखावं.

क्वार्टरच्या व्हरांड्यात आम्ही समोरासमोर बसायचो. ती नाव घ्यायची, मी मागून घ्यायची, चुकलं की ती गुडघ्यावर बोट आपटायची. परवचा म्हणायला बसवलेल्या पोरीसारखी माझी गत. तो घशातला ‘र’ आता मला खरोखर काढावा लागत होता आणि तो येता येत नव्हता. माझी फजिती बघून ती खो-खो हसायची. नावाबरोबर माणूसही सांगायची. वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्यांना स्वतःचा चष्मा कधी सापडत नसे. आजी पाव कॉफीत बुडवल्याशिवाय खायची नाही. एक भाऊ जेवतानाही शीळ घालायचा आणि रोज त्यापायी बोलणी खायचा. क्रम वयाचा होता, मोठं माणूस आधी, धाकटी सगळ्यात शेवटी.

धाकटीचं सांगताना ती रेंगाळायची. निघायच्या दिवशी धाकटीनं ताई जाऊ नये म्हणून तिचा एक बूट लपवून ठेवला. घरभर शोधला, धमक्या दिल्या, गोळ्यांचं आमिष दाखवलं, पोरगी तोंड उघडेना. शेवटी आईचे बूट घालून ही स्टेशनवर गेली. ते सैल होते, चालताना निघायचे. “मी लय बोलली तिले,” मेट्रनबाई म्हणाली. “जाता जाता पण बोलली. कुठं लपवला होता ते कधी समजलंच नाही.” खाली दवाखान्यात कोणी हाक मारली म्हणून ती उठून गेली, आणि मी तिच्या माघारी ते शेवटचं नाव घोकत बसले.

इकडे बाबांची वेगळीच लढाई चालली होती. सभेचं कळल्याबरोबर वाचनालयाच्या मंडळींना उत्साह आला. एक म्हणाले, बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. दुसऱ्यांच्या मुलीनं स्वागतगीत बसवायलाही घेतलं होतं. तिसऱ्यांनी चिवड्याचा अंदाज काढला. बाबांनी सगळं हाणून पाडलं. “कोणाच्या घरी मौत झाली तर चिवडा वाटता का तुम्ही?” ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून बघायला लागला. हार नाही, गाणं नाही, आभार नाही, व्यासपीठावर फक्त अध्यक्ष आणि वक्ता. कोर्टात जन्म गेलेला माणूस, कुठे गप्प बसावं आणि कुठे उभं राहावं याची त्यांना भारी चाड. गावातल्या शंभर सभांतला पोरकटपणा या एका सभेला शिवू नये, यासाठी ते महिनाभर सगळ्यांशी भांडले. हे मी आवर्जून सांगते, कारण पुढे जे झालं ते या चांगुलपणातूनच झालं.

एप्रिलातली संध्याकाळ. वाचनालयाच्या हॉलमध्ये पंखे नुसते आवाज करत होते. पुढे खुर्च्यांवर वकील, मास्तर, पेन्शनर मंडळी, माझ्या शाळेतल्या बाया. मागे सतरंजीवर उकव्याहून बसनं आलेले खाणीतले लोक, बायकापोरांसह. बाईच्या घरच्यांसाठी सभा आहे, एवढ्यावर ते आले होते. त्यांत एक पांढऱ्या फेट्याचा म्हातारा होता, खाणीत ड्रिल चालवून निवृत्त झालेला. दरड कोसळली तेव्हा मेट्रनबाईनं त्याचा पाय वाचवला होता आणि हे तो भेटेल त्याला सांगे. मेट्रनबाई स्वतः पहिल्या रांगेत कडेला बसली. व्यासपीठावर यायला तिनं नकार दिला होता.

मी हिंदीत बोलले, म्हणजे मागच्यांनाही कळेल. ढाली जिंकून देणारी सगळी हातचलाखी घरी ठेवून गेले होते. सनावळ्या नाहीत, मोठे शब्द नाहीत. एक घर होतं, त्यात कोण कोण राहत होतं, एवढंच सांगितलं. चष्मेवाल्या वडिलांचा चष्मा हरवल्याचं सांगितलं तेव्हा मागे हसू फुटलं. बुटाचं सांगितलं तेव्हा खाणीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मग त्यांना घरातून कसं काढलं, कुठे नेलं, काय केलं, तेही सांगितलं. त्यांचा गुन्हा काय होता, तर ते ज्यू म्हणून जन्मले होते. हॉलमध्ये इतकी शांतता होती की रेल्वे फाटकावरची घंटा ऐकू आली. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं केली. खरं म्हणावं असं ते एकच.

“अब मैं उनके नाम लेती हूँ,” मी म्हटलं, आणि आजीचं नाव घेतलं. ‘र’ अगदी घशातून आला.

मागे टाळी वाजली.

एकच, जोरदार, फेटेवाल्या म्हाताऱ्याची. मला वाटलं चुकून वाजली. मी वडिलांचं नाव घेतलं तर चार-पाच जणांनी वाजवल्या. आईच्या नावाला अख्खी सतरंजी टाळ्या वाजवू लागली. पुढचे लोक माना वळवून मागे बघायला लागले, कोणीतरी “श्श” केलं. त्यामुळे टाळ्या थांबल्या नाहीत, उलट पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांना सवयीनं वाजवाव्याशा वाटल्या आणि त्यांनीही वाजवल्या. काकाचं नाव, टाळी. काकूचं, टाळी. मी भराभर पुढे जात होते, कारण थांबले तर पाठ केलेलं विसरेन अशी धास्ती होती. मेट्रनबाईकडे पाहिलं तर तिनं मान खाली घातली होती आणि पदर डोळ्यांना लावला होता.

बाबांनीही तेच पाहिलं. ज्या पोरकटपणाला ते महिनाभर दारात अडवून उभे होते, तो आत शिरला होता आणि पहिल्या रांगेत बसलेली बाई मान खाली घालून तो सोसत होती, असं त्यांना वाटलं. मी दुसऱ्या भावाचं नाव घेतलं, टाळी वाजली, आणि बाबा खुर्चीतून उठले. हात वर करून माईकपाशी आले. मला हळूच बाजूला केलं.

“भाइयो और बहनो,” ते म्हणाले, “यह तालियों का अवसर नहीं है। आप लोग समझते क्यों नहीं? ये मरे हुए लोगों के नाम हैं। सब लोग खड़े हो जाइए, हम दो मिनट का मौन रखेंगे।”

सगळे उठले. मागचे लोक ओशाळून उठले, बायकांनी पोरांचे हात धरून ठेवले. म्हाताऱ्यानं फेटा नीट केला आणि खाली मान घालून उभा राहिला. मेट्रनबाईही उभी राहिली. मी माईकपासून हातभर अंतरावर होते आणि ते शेवटचं नाव माझ्या ओठांवर होतं. बाबांना ती नावं ठाऊक नव्हती, त्यामुळे एक राहिलं आहे हे त्यांना कळलं नाही. मौन संपल्याबरोबर त्यांनी सभा संपल्याचं जाहीर केलं, कारण उकव्याच्या लोकांची शेवटची बस सुटत होती.

मी गर्दीतून वाट काढत बसस्टँडवर पोचले तेव्हा मेट्रनबाई खिडकीशी बसली होती. ड्रायव्हर हॉर्न देत होता.

“धाकटी राह्यली,” ती म्हणाली.

रागानं नाही. दवाखान्यात रांगेतला कोणी पेशंट राहून गेला असता तर जशी म्हणाली असती, तशी.

“मी आता घेते, इथेच घेते,” मी खिडकीची सळई धरून म्हटलं.

“मले तर पाठ आहे ते,” ती म्हणाली. “लोकायनं ऐकाले पाह्यजे होतं.”

“पुढच्या वर्षी. आधी तिचंच घेऊ.”

“हौ,” ती म्हणाली, आणि बस निघाली.

घरी येऊन मी बाबांवर जो तोंडाचा पट्टा सोडला, तो आठवला की आजही मला कसंतरी होतं. तुमची शिस्त तुमच्यापाशी ठेवायची होती, म्हटलं. एका मिनिटानं काय बिघडलं असतं, म्हटलं. बाबा ताटावर बसले होते. “मले वाटलं तिचा अपमान होऊन राह्यला,” एवढंच म्हणाले आणि हात धुऊन उठले.

पुढच्या रविवारी ते एकटेच बसनं उकव्याला गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मेट्रनबाईनं त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, माफी मागू दिली नाही. टाळ्यांचं ऐकून हसली म्हणे. ती बाबांना म्हणाली, “साहेब, चाळीस वर्षं मी त्याहिले जातानाच पाहत आली. गाडीत बसून जाताना. त्या दिवशी पहिल्यांदा ते कुठं तरी आले. आणि लोक खुश झाले त्याहिले पाहून. म्हणून रडू आलं.” तो फेटेवाला म्हाताराही तिथे भेटला. त्यानं बाबांची क्षमा मागितली. त्याला वाटलं होतं, बाईच्या माहेरची माणसं आहेत. इतक्या वर्षांत बाईचं माहेर कोणी पाहिलं नाही, आज एकेक जण पुढे येतो आहे, तर हात जोडून बसायचं की स्वागत करायचं? “गलती हो गई साहब,” तो म्हणाला, “हम अनपढ़ आदमी।” बाबांनी त्याला सांगून पाहिलं की चूक तुमची नाही. पण साहेब मोठ्या मनाचे आहेत म्हणून असं बोलतात, अशी त्याची समजूत झाली.

त्या उन्हाळ्यात बाबा पुढच्या वर्षीच्या सभेबद्दल बोलू लागले, ते थांबेचनात. आधी धाकटीचं नाव. मग बाकीची सगळी पुन्हा, हवा तेवढा वेळ घेऊन, आणि वाजतील तेवढ्या टाळ्या वाजू द्यायच्या.

पावसाळ्यात मी शाळेच्या प्रशिक्षणासाठी जबलपूरला होते. घाटातला रस्ता दोनदा बंद पडला होता. मेट्रनबाईला ताप आला, तिनं तो अंगावर काढला, आणि ती गेली. बाबांना निरोप मिळाला तसे ते मिळेल त्या ट्रकनं पोचले. मला कळलं ते आठवड्यानंतर. खाणीतल्या लोकांनी दवाखान्यामागे एका मोहाच्या झाडाखाली तिला पुरलं. तिचं धर्मकृत्य काय, मंत्र कोणते, कोणालाच ठाऊक नव्हतं. पावसात चारशे-पाचशे माणूस उभं होतं, सगळं ऐकायला तयार. त्यांनी बाबांना म्हटलं, साहेब, तुम्ही दोन शब्द बोला.

“लोक होते,” बाबा मला सांगत होते. “जेवढे पाह्यजे तेवढे होते. मले ते नाव माहीत नव्हतं, पोरी.”

जगात ते नाव येणारी मी एकटी उरले होते आणि मी जबलपूरला कुठल्याशा वर्गात बसून फळ्यावरचं उतरवून घेत होते. मी परत आले त्याच दिवशी बाबांनी माझ्याकडून नाव शिकून घेतलं. त्यांचीही जीभ वळत नव्हती. पडवीत येरझारा घालत ते पुटपुटायचे, मधेच थांबून मला म्हणून दाखवायचे आणि मी मान हलवली की पुन्हा चालू लागायचे. आई एकदा म्हणाली, “काहून मागं लागले त्या पोरीच्या?” बाबा म्हणाले, “मीच मागं ठेवली न तिले.”

पुढच्या एप्रिलात सभा भरली. या वेळी माझं भाषण छोटं असावं असं ठरलं. टाळ्यांचं काय करायचं, यावर मात्र आमचा वाद झाला. मी म्हणत होते, आधीच सांगून टाकू की टाळ्या वाजवा. बाबा ऐकेनात. “सांगून वाजवलेल्या टाळ्या आपण जन्मभर ऐकल्या,” ते म्हणाले. “त्या तशा नव्हत्या. आपोआप वाजतीन. नाहीच वाजल्या तर मी उठून वाजवीन, माह्या मागून लोक वाजवतीन.” मला ते पटलं. आज वाटतं, पटायला नको होतं.

बाई नव्हती तरी उकव्याचे लोक आले. फेटेवाला म्हातारा सतरंजीवर अगदी पुढे बसला होता. त्याच्या बसण्यात काहीतरी वेगळं दिसत होतं, पण काय ते चटकन लक्षात आलं नाही. मग दिसलं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

मी बुटाची गोष्ट पुन्हा सांगितली. तो लपवलेला बूट कधीच सापडला नाही, हेही सांगितलं. मग म्हटलं, मागच्या वर्षी एक नाव राहिलं होतं, ते आज घेते. आणि मी धाकटीचं नाव घेतलं, मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

कोणी हललं नाही. एका बाईच्या मांडीवरचं पोर चुळबुळ करायला लागलं, तिनं त्याचे दोन्ही हात मुठीत धरले. पुढच्या रांगेतले लोक समजूतदारपणे खाली बघत होते. मी बाबांकडे पाहिलं. बाबा टाळी वाजवायला खुर्चीतून उठले.

ते उठलेले पाहताच अख्खी सभा उठली. मागच्या वर्षी ते उठले होते तेव्हा काय करायचं, हे सगळ्यांच्या पक्कं ध्यानात होतं. खुर्च्या सरकल्या, सतरंजीवरचे लोक उभे राहिले, माना खाली गेल्या, आणि सगळीकडे अतिशय सुंदर, शिस्तीचं मौन पसरलं. बाबांचे हात छातीपाशी येऊन थांबले होते. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात हळूहळू खाली घेतले. आजी, आईवडील, काका-काकू, भाऊ, सगळ्यांचं स्वागत झालं होतं. ताई जाऊ नये म्हणून बूट लपवणारी एवढीशी पोर सगळ्यात शेवटी आली, आणि तिच्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही. बाकीची नावं पुन्हा घ्यायची होती. मला ती घेता आली नाहीत. मी माईकपासून बाजूला झाले.

सभेनंतर बाबा पायऱ्यांवर उभे होते. मी त्यांच्या शेजारी होते. फेटेवाला म्हातारा लंगडत लंगडत आला आणि बाबांच्या पाया पडायला वाकला. बाबांनी त्याला धरलं.

“साहब,” तो अभिमानानं म्हणाला, “इस बार किसी ने ताली नहीं बजाई। मैंने सबको बस में ही समझा दिया था।”

बाबा बराच वेळ त्याचा हात हातात धरून राहिले.

“हौ,” ते म्हणाले. “नाही बजाई.”